चार इंचांचं उड्डाण

घरातला तीन पिनांचा प्लग एकदा हातात घेऊन नीट बघा. वरची पिन खालच्या दोन पिनांपेक्षा जाड असते आणि लांबही. ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे प्लग खोचताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. उपकरणात वीज आहे तोवर अर्थिंग जोडलेलं राहतं, ते या जादा लांबीमुळे. हा क्रम उलटा झाला तर काय घडू शकतं, ते २१ नोव्हेंबर १९६० रोजी फ्लोरिडातल्या केप कॅनव्हेरलच्या तळावर दिसलं.

अमेरिकेला तेव्हा माणूस अवकाशात पाठवायची घाई होती. मर्क्युरी प्रकल्पातली पहिली छोटी उड्डाणं रेडस्टोन रॉकेटवर व्हायची होती. हे मूळचं लष्कराचं क्षेपणास्त्र, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-२ क्षेपणास्त्राच्या घराण्यातलं आणि रॉकेटतज्ज्ञ वेर्नहर फॉन ब्राउन यांच्या चमूने घडवलेलं. त्यात इंधन म्हणून अल्कोहोल आणि ते जाळायला द्रवरूप ऑक्सिजन भरत. टोकावर अंतराळवीराची कॅप्सूल, आणि कॅप्सूलच्या डोक्यावर सुटकेचा मनोरा. रॉकेटमध्ये बिघाड झालाच, तर या मनोऱ्यातलं छोटं रॉकेट पेटून कॅप्सूलला ओढून दूर न्यायचं. कॅप्सूल आणि रेडस्टोन यांची जोडी पहिल्यांदाच उडणार होती, म्हणून आत कोणीही नव्हतं.

सकाळी ९ वाजता इंजिन पेटलं. रॉकेट हललं, पॅडवरून सुटलं आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडलं. जेमतेम चार इंच वर गेलेलं ते २५ मीटर उंचीचं, इंधनाने काठोकाठ भरलेलं रॉकेट पुन्हा पॅडवर बसलं, जरासं डुललं आणि सरळ उभं राहिलं. ते आडवं झालं असतं तर पॅडवर काय उरलं असतं, याची कल्पनाही करवत नाही.

पण प्रकार एवढ्यावर थांबला नाही. डोक्यावरचा मनोरा एकटाच पेटून सुटला, कॅप्सूलला तिथेच ठेवून. धुराच्या लोटातून काहीतरी प्रचंड वेगाने वर जाताना दिसलं आणि पाहणाऱ्यांना वाटलं, रॉकेटच गेलं! धूर विरला तेव्हा रॉकेट जागच्या जागी होतं. मनोरा सुमारे ४,००० फूट वर जाऊन पॅडपासून जवळजवळ ४०० यार्डांवर कोसळला. तीन सेकंदांनी कॅप्सूलमधून आधी छोटं पॅराशूट बाहेर पडलं, मग मोठं, मग राखीव. सगळी कापडं रॉकेटच्या अंगावरून खाली लोंबू लागली.

आता खरं कारण. रेडस्टोनच्या शेपटाशी जमिनीवरून आलेल्या दोन केबल जोडलेल्या असत. एकीतून नियंत्रणाचे संदेश जात, दुसरीतून वीज आणि अर्थिंग. उड्डाणाच्या वेळी संदेशांची केबल आधी सुटायला हवी आणि अर्थिंगची नंतर, म्हणजे आपल्या प्लगसारखंच. पण त्या दिवशी संदेशांची केबल लष्करी रेडस्टोनची लावली होती आणि ती लांब होती. क्लॅम्प लावून ती आखूड करायचा प्रयत्न झाला, तो पुरला नाही. अर्थिंग आधी गेलं आणि संदेशांची केबल २९ मिलिसेकंद मागे राहिली. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण तेवढ्यात परतीची नेहमीची वाट तुटलेला वीजप्रवाह भलत्याच वाटेने एका रिलेतून, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचमधून, वाहिला. तो रिले होता इंजिन बंद करण्याचा.

मला या घटनेत सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. रिलेने कॅप्सूलला कळवलं की इंजिन ठरल्याप्रमाणे बंद झालंय. कॅप्सूलच्या हिशोबाने चढण संपली होती आणि मनोऱ्याचं काम उरलं नव्हतं, म्हणून तिने तो सोडून दिला. त्यानंतर तिने रॉकेटपासून सुटं व्हायला हवं होतं, पण ते इंजिनाचा रेटा ओसरल्यावरच. रेटा ओसरला की आतल्या सगळ्याला वजनरहित अवस्था येते आणि त्वरणमापक शून्याजवळ जातो. पॅडवर उभ्या असलेल्या त्वरणमापकाला मात्र जमिनीचा आधार खालून सतत रेटत असतो. तो १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढा रेटा, दाखवत राहतो. कॅप्सूलने तो रेटा इंजिनाचाच समजला आणि ती रॉकेटला धरून बसली. पॅराशूटचं यंत्र फक्त उंची बघत होतं. उंची १०,००० फुटांच्या खाली, म्हणजे उतरायची वेळ झाली! मोठं पॅराशूट उघडलं, पण त्यावर भार येईना, तेव्हा ते निकामी आहे असं समजून राखीव पॅराशूटही बाहेर आलं. एकाही भागाने आपलं काम चुकवलं नव्हतं. चुकीची होती ती त्यांना मिळालेली पहिली बातमी.

रॉकेट तसंच उभं होतं. बॅटऱ्या चालू, टाक्या भरलेल्या आणि वाऱ्याने पॅराशूट फुगलं तर ते आडवं होण्याची भीती. दाब कमी करायला रायफलीने टाकीला भोकं पाडावीत, इथपर्यंत सूचना आल्या. उड्डाण संचालक ख्रिस क्राफ्ट यांना ते पटलं नाही. काय करावं हे नक्की ठाऊक नसेल तर काहीच करू नये, हे त्यांच्या कामाचं सूत्र. सगळे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबले. वारा शांत राहिला, बॅटऱ्या उतरल्या, ऑक्सिजन उकळून उडून गेला आणि मगच माणसं रॉकेटजवळ गेली. हातात काही नसताना हात आवरून बसणं किती जड जातं, हे रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

उपाय साधा निघाला. बाकीच्या केबल सुटल्यावरही रॉकेटला पॅडशी जोडून ठेवेल अशी सुमारे एक फूट लांबीची अर्थिंगची पट्टी बसवली. शिवाय उड्डाणाची साधारण १३० सेकंदं होईपर्यंत इंजिन बंद झाल्याची नेहमीची बातमी कॅप्सूलपर्यंत पोचणारच नाही, अशी सोय केली. तीच कॅप्सूल दुसऱ्या रेडस्टोनवर बसवून १९ डिसेंबरला उडवली आणि ती २१० किलोमीटर उंची गाठून समुद्रात उतरली. जानेवारीत हॅम नावाचा चिंपांझी जाऊन आला. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड रेडस्टोनवरूनच अवकाशात गेले.

चार इंच उडालेलं ते रॉकेट अलाबामातल्या हंट्सव्हिलला परत नेलं. पुन्हा ते कधीच उडवलं नाही.