दुबईत फ्लॅट घ्यायचा की भाड्यानंच राहायचं? टोकन देण्याआधी वाचा

"भाडं म्हणजे पैसे पाण्यात" हे आमच्या ऑफिसात आठवड्यातनं चारदा तरी ऐकायला मिळतं. चूक नाही ते, पण घर घेतानाही बरेच पैसे पाण्यातच जातात, ते कोणी मोजत नाही एवढंच.

12 लाख दिरहमचा वन बेडरूम धरा. एक्सपॅटला (बाहेरच्या देशातून इथं आलेल्याला) पहिल्या तयार घरासाठी बँक जास्तीत जास्त 80 टक्के देते (50 लाखांपर्यंतच्या घराला), म्हणजे 2,40,000 खिशातले. वर लँड डिपार्टमेंटची (घरांची नोंदणी करणारं सरकारी खातं) फी 4 टक्के म्हणजे 48,000 आणि एजंटचे साधारण 2 टक्के अधिक व्हॅट, 25,200. हे 73,200 गेले ते गेले, उद्या फ्लॅट विकला तरी परत येत नाहीत. आधी काही बँका ही फी पण लोनमध्ये बसवून द्यायच्या, फेब्रुवारी 2025 पासून ते बंद झालंय. आणि सर्व्हिस चार्ज (बिल्डिंगच्या देखभालीचा खर्च) विसरू नका, स्क्वेअर फुटाला 16 दिरहम धरले तर 700 फुटांचे वर्षाला 11,200, घर रिकामं पडलं तरी भरायचेच.

मागे एक जोडपं आलेलं, साहेबांनी इजारीच्या (नोंदणी केलेल्या भाडेकराराच्या) मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं हप्ता आणि भाडं शेजारी शेजारी मांडलेलं, हप्ता पाचशेनं कमी, खूश होते. ताईंनी एकच विचारलं, "आणि नोकरी गेली तर?" पेन खाली ठेवलं त्यांनी.

मुद्दा तोच आहे. इथं आपला व्हिसा बहुतेकदा नोकरीला बांधलेला, तो कॅन्सल झाला की आवरायला मोजकेच दिवस मिळतात पण हप्ता काही थांबत नाही. घर नावावर राहतं, भाड्यानं देता येतं, मान्य, पण भाडेकरू मिळेपर्यंतचे महिने कोण भरणार? 2008-09 ला भाव निम्म्यावर आले तेव्हा घाईत विकावं लागलेल्यांनाच जास्त मार बसला, ज्यांना थांबता आलं ते तरले. (लोन लवकर फेडलं तर दंड उरलेल्या रकमेच्या 1 टक्का किंवा 10,000 दिरहम, जे कमी असेल तेवढाच, हा त्यातल्या त्यात दिलासा.) 20 लाख किंवा त्यापुढच्या घरावर गोल्डन व्हिसा (नोकरीला न बांधलेला, लांब मुदतीचा) मिळू शकतो पण तेवढ्यासाठी ऐपतीबाहेर जाऊ नका प्लीज.

भाड्यातही धोका आहेच. मालकाला घर विकायचं किंवा स्वतः राहायचं असेल तर 12 महिन्यांची नोटीस नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टानं द्यावी लागते, व्हॉट्सॅपवरचा मेसेज चालत नाही, आणि भाडं वाढवायचं तर 90 दिवस आधी सांगायला हवं. वाढ पण मनाला येईल तेवढी नाही, तुमचं भाडं बाजारभावापेक्षा 10 टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर शून्य, 40 च्या पुढे कमी असेल तरी जास्तीत जास्त 20 टक्के. मालक म्हणाला म्हणून लगेच नवा चेक फाडू नका, आधी लँड डिपार्टमेंटच्या साइटवर रेंटल इंडेक्स (तुमच्यासारख्या घराचं बाजारभाडं) बघा.

आमचं मत विचाराल तर पाच वर्षं नक्की राहणार असाल आणि डाउन पेमेंट सोडून सहा हप्त्यांइतके पैसे बाजूला असतील तर घ्या, नाहीतर भाडं भरा आणि मजेत राहा.

बोलायला यायचं तर इजारी, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि हो, घरच्यांना पण घेऊन या.