टिकणारी बिअर आणि लंडनच्या गल्ल्या

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल, म्हणजे बार्लीची जुन्या तऱ्हेची बिअर, पावासारखंच रोजच्या पोटाचं होतं. बार्लीला मोड आणायचे, ती भाजायची, गरम पाण्यात भिजवून गोड अर्क काढायचा आणि यीस्टने आंबवायचा. अडचण एकच: थोड्याच दिवसांत ते आंबट व्हायचं. त्यामुळे साठा करण्यात अर्थ नव्हता. घरापुरतं करायचं, उरलं तर शेजारीपाजारी विकायचं, असा मामला. आणि तो बहुतांशी बायकांच्या हातात. नवं एल तयार झालं की दाराबाहेर काठी किंवा डहाळी लागे. ती पाहून गिऱ्हाईक यायचं आणि चव तपासायला नेमलेला माणूसही. १२६६-६७ च्या सुमाराच्या राजाज्ञेने पाव आणि एलचे भाव धान्याच्या भावाशी बांधले होते. माप कमी भरलं की दंड. पण अनेक ठिकाणी विकणाऱ्या सगळ्यांकडूनच ठरावीक दंड घेत. म्हणजे दंड नावाला, खरा तो परवाना.

एका चर्चच्या हद्दीतली वस्ती म्हणजे पॅरिश. बारसं, लग्न, दफन सगळं तिथेच. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याचा भारही पॅरिशवर पक्का झाला. चर्चच्या दुरुस्तीला पैसे हवे असले की पॅरिशचे कारभारी स्वतः एल करवून मेळा भरवत आणि विक्रीतून खर्च भागवत. याला चर्च-एल म्हणत. पुढे प्युरिटन या कडव्या धर्मसुधारक पंथाच्या मंडळींना हे नाचगाणं खुपू लागलं आणि प्रथा आटत गेली.

चित्र बदललं ते हॉप्समुळे. या वेलीची कडवट फुलं घातलेली बिअर आधी समुद्रापलीकडच्या डच-फ्लेमिश मुलखातून यायची. १५ व्या शतकात तिथून आलेले लोक ती इंग्लंडमध्येच बनवू लागले. जुन्या एलवाल्यांनी नाकं मुरडली, पण हॉप्सची बिअर महिनोन्‌महिने टिकायची. जो माल टिकतो तो साठवता येतो, लांब पाठवता येतो, उधारीवर विकता येतो. त्यासाठी मोठी भांडी लागतात, भांडवल लागतं. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ताच नसे, तिला कर्ज कोण देणार? १५ व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या ब्रुअर (बिअर-एल बनवणाऱ्यांच्या) संघाच्या सदस्यांत सुमारे एक तृतीयांश बायका होत्या. १४३८ मध्ये संघाला राजाची सनद मिळाली. पुढच्या दोनेक शतकांत बायका या धंद्यातून जवळजवळ दिसेनाशा झाल्या.

१८ व्या शतकात लंडनने पोर्टर नावाची काळसर बिअर उचलून धरली. नाव पडलं ते ती पिणाऱ्या हमालांवरून. पोर्टर काही महिने मुरवावी लागे, म्हणून ब्रुअरीवाल्यांत सर्वांत मोठं लाकडी पिंप कोणाचं अशी चढाओढच लागली. चिझवेल स्ट्रीटवरची व्हिटब्रेडची ब्रुअरी पाहायला १७८७ मध्ये खुद्द राजा तिसरा जॉर्ज राणीसह गेला होता.

या चढाओढीची किंमत लंडनच्या सेंट जाइल्स पॅरिशने मोजली. टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या म्यू कंपनीच्या ब्रुअरीत १७ ऑक्टोबर १८१४ च्या दुपारी २२ फूट उंच पिंपाचं एक लोखंडी कडं निसटलं. कारकुनाने वरिष्ठांना सांगितलं. असं वर्षातून दोन-तीनदा होतंच, काही बिघडत नाही, असं उत्तर मिळालं. तासाभरात पिंप फुटलं. त्या धक्क्याने इतर पिंपंही गेली, मागची भिंत कोसळली आणि बिअरचा लोंढा न्यू स्ट्रीटच्या तळघरांत घुसला. तिथे गरीब आयरिश कुटुंबं राहत. एका तळघरात दोन वर्षांच्या मुलाच्या प्रेताशेजारी माणसं जागरणाला बसली होती. त्यातली पाच बुडाली. एकूण आठ मेले, सगळ्या बायका आणि मुलं. चौकशीत हा निव्वळ अपघात ठरला. पार्लमेंटने कंपनीला भरलेला अबकारी कर परत दिला. मेलेल्यांच्या घरच्यांना लोकवर्गणीवर भागवावं लागलं. रस्त्यावरची बिअर पिऊन लोक झिंगले, ही गोष्ट आजही चवीने सांगतात. तेव्हाच्या वृत्तपत्रांत मात्र तसं काही नाही. उलट ढिगाऱ्याखालच्यांचे आवाज ऐकू यावेत म्हणून गर्दी शांत राहिल्याचं त्यात आहे. ती गोष्ट बहुधा आयरिश वस्तीची टिंगल म्हणूनच रुजली असावी.

टिकाऊपणाचा दुसरा धागा थेट आपल्याकडे येतो. लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसनची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे लागत ते ब्लॅकवॉल तिथून जवळ. जहाजांचे कप्तान आपल्या खासगी व्यापारासाठी हॉजसनची फिकट बिअर दीड वर्षाच्या उधारीवर उचलत आणि मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांना विकत. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप ब्रुअरीने ही बाजारपेठ हॉजसनकडून ओढायला सुरुवात केली. आज मुंबई-पुण्याच्या पबांत ‘आयपीए’ (इंडिया पेल एल) मागवली जाते, त्यातला ‘आय’ म्हणजे इंडिया, हा असा आला.

ब्रुअरी शेजारी असणं प्रत्येक गल्लीला घातकच ठरलं असं नाही. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीने काही दिवसांत शेकडो माणसं नेली. डॉक्टर जॉन स्नो यांचा संशय रस्त्यावरच्या पंपाच्या पाण्यावर होता. त्याच रस्त्यावरच्या ब्रुअरीत सत्तरहून अधिक कामगार होते, आणि त्यातला एकही पटकीने दगावला नाही. मालकाने स्नोंना सांगितलं की त्यांना रोज ठरलेली बिअर मिळते, ते पाणी पीत नसावेत, पंपाचं तर नाहीच. शिवाय ब्रुअरीची स्वतःची खोल विहीर होती. बिअरसाठी अर्क उकळला जातो, हेही कामी आलं असणार. सेंट जेम्स पॅरिशच्या कारभाऱ्यांनी ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला, तो स्नोंचं म्हणणं पुरतं न पटताच.