घाम गोळीचा, चिडचिडही गोळीचीच

ऑक्टोबरात ठाण्यात स्तनाच्या कर्करोगाचे गुलाबी फलक लागतात. दुखत नसलेली गाठही दाखवा, हा त्यातला सल्ला शंभर टक्के बरोबर. पण ऑपरेशन, किमो, रेडिएशन आटोपल्यावर घरात काय सुरू होतं, ते कुठल्याच फलकावर नसतं. अनेकदा बाईच्या हातात रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी येते, ५ वर्षं, कधी १०. घरचे म्हणतात, "आता बरी झालीस की!" आणि ती पंख्याखाली घामाने निथळत असते.

ही गोळी मला भारी आवडते. १९६२ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरा रिचर्डसन यांनी ती तयार केली, गर्भनिरोधक म्हणून. त्यात ती साफ नापास झाली. कर्करोगात मात्र तिची करामत बघा. बहुतेक स्तनकर्करोगांच्या पेशींत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन असतं. रिपोर्टवरचं 'ईआर पॉझिटिव्ह' ते हेच. इस्ट्रोजेन त्याच्या खाचेत बसलं की प्रथिनाचा बारावा हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखा पिळलेला भाग, डब्याच्या झाकणासारखा मिटतो. त्यामुळे बाहेर एक खोबण तयार होते, तिथे कोॲक्टिव्हेटर नावाची मदतनीस प्रथिनं चिकटतात, जनुकं चालू होतात, पेशी विभागते. टॅमॉक्सिफेन त्याच खाचेत बसतं, पण त्याची एक शेपटी बाहेर राहते. हेलिक्स मिटतच नाही, उलट त्या खोबणीतच जाऊन पडतो. कोॲक्टिव्हेटरला जागाच उरत नाही! ईआर पॉझिटिव्ह रुग्णांत ५ वर्षांच्या गोळीने या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात.

'सुई लावली की कॅन्सर पसरतो' म्हणणाऱ्या नातेवाइकांना विचारा, बायोप्सीशिवाय, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, ईआर कळणार कसा?

इस्ट्रोजेनचे रिसेप्टर मेंदूतही असतात, शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये. गोळीमुळे तिथला तोल ढळतो म्हणून अंगातून वाफा निघतात, झोप मोडते आणि सकाळी डबा भरताना आवाज चढतो. त्यावर "पॉझिटिव्ह विचार कर" हे औषध नाही. मन फारच खचलं तर डॉक्टरांना सांगायचं, मात्र गोळीचं नाव घेऊन. कारण यकृतातलं सीवायपी२डी६ एन्झाइम टॅमॉक्सिफेनचं एंडॉक्सिफेन हे जास्त जोरकस रूप करतं, आणि फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही नैराश्याची औषधं नेमकं तेच एन्झाइम अडवतात, मग ते रूप कमी तयार होतं. व्हेन्लाफॅक्सिनचा तेवढा अडथळा होत नाही, शिवाय वाफाही कमी होतात.

गर्भाशयात हीच गोळी इस्ट्रोजेनसारखी वागते, म्हणजे तिथलं अस्तर वाढवू शकते. म्हणून पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर तपासणीच्या पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये. खारघरच्या ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्राला, किंवा कुठेही तपासणीला जाताना नवऱ्याने नाहीतर लेकीने आत बसावं, आणि घाम, झोप, रक्तस्राव हे तिन्ही विषय तिने संकोचाने गाळले तर तिला विचारून आपण काढावेत.