धनुष्यकाष्ठ

धनुष्याची कांब करण्याजोगे लाकूड किंवा बांबू. धनुष्य ओढले की लक्ष्याकडील अंगावर ताण व धनुर्धराकडील अंगावर दाब येतो. दोन्ही सोसून पूर्ववत होणारे, उभ्या धाग्याचे, बिनगाठीचे लाकूड त्यासाठी निवडतात.

कौटिलीय अर्थशास्त्रात (२·१८) ताल (ताडाचे), चाप, दारव (लाकडाचे) व शार्ङ्ग (शिंगाचे) अशी धनुष्ये येतात. ग्रंथाच्या काळाबद्दल मतैक्य नाही, इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंतचे काळ सुचवले गेले आहेत. चाप म्हणजे एका जातीच्या बांबूचे धनुष्य, हा टीकाकारांचा अर्थ ग्राह्य वाटतो. अग्निपुराण चंदन, वेतस, साल, धन्व व ककुभ ही झाडे सांगून शरदात तोडलेल्या बांबूचे धनुष्य सर्वश्रेष्ठ ठरवते. ककुभ म्हणजे अर्जुन. वेतस कोणी वेत मानतात, कोणी नदीकाठचे वाळुंज. वाळुंजाचे लाकूड हलके व मऊ असल्याने पहिले मत अधिक पटते. धन्व म्हणजे धामण (ग्रेविया टिलिफोलिया), हे लाकडाच्या गुणावरूनही जुळते. चिवट व लवचिक धामणीचे कावडीचे दांडे व वल्ही करतात.

शरदाचा निर्देश मोलाचा आहे. पावसाळ्यात नवे कोंब वाढवताना बांबूतील पिष्टसाठा खर्ची पडतो, त्यामुळे पिष्टावर जगणारे भुंगेरे तोडलेल्या बांबूला कमी लागतात. कोवळा बांबू वाळताना आकसतो. धनुर्वेदावरील ग्रंथांत अपक्व व अतिजीर्ण दोन्ही वर्ज्य आहेत.

ओंडका करवतीने न कापता पाचरी ठोकून फाडतात, म्हणजे धागा अखंड राहतो. टोकांतून ओल झपाट्याने जाऊन चिरा पडतात, म्हणून टोकांना मेण किंवा रंग फासून फाळ्या सावलीत, वारा खेळेल अशा रचतात. नैसर्गिक वाळवणीला कित्येक महिने, जाड फाळ्यांना वर्षाहूनही अधिक काळ लागतो. ओलावा साधारण ८ ते १२ टक्क्यांवर आला की लाकूड घडवायला घेतात. ओलसर कांब वाकलेलीच राहते, अतिशुष्क कांब मोडते. ठळक वलयांच्या लाकडात लक्ष्याकडील अंगावर एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखतात. बांबूत तेथे टणक साल ठेवतात. भिल्लांच्या बांबूच्या धनुष्याला दोरीही पुष्कळदा बांबूच्या कामटीची असते.

युरोपात यू वृक्षाला पसंती होती. त्याचे रसकाष्ठ (सालीलगतचे लाकूड) ताण व मध्यकाष्ठ (गाभ्याचे लाकूड) दाब उत्तम सोसते. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झी या बर्फात टिकलेल्या मानवी शवाजवळचे अपुरे धनुष्य यूचेच होते. पुढे इंग्लंडमध्ये यूची टंचाई झाली. १४७२ च्या कायद्याने परदेशी मालाच्या प्रत्येक टनामागे चार धनुष्यकाष्ठे आणणे जहाजांना सक्तीचे केले.