बिल गेट्स नापास झाला नव्हता

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बिल गेट्सचा फोटो डकवलाय. खाली मजकूर: मी नापास झालो, मित्र पास झाला, तो मायक्रोसॉफ्टमध्ये इंजिनिअर, मी मालक. व्हॉट्सॲपवरही हे वर्षानुवर्षं फिरतंय. बारावीचा गणिताचा पेपर अवघड गेलेला माझा भाचा परवा तेच ऐकवत होता, म्हणून लिहितोय.

हे खरं नाही. गेट्सला सॅटमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत, १६०० पैकी १५९० गुण होते. १९७३ला तो हार्वर्ड विद्यापीठात गेला आणि तिथं त्यानं गणितातलं एक कोडं हातात घेतलं. आपल्या भाषेत सांगायचं तर लहानमोठ्या भाकरींची चवड आहे. मध्ये कुठंही उलथनं घालायचं आणि वरचा सगळा थर एकदम उलटा करायचा. सगळ्यात मोठी भाकरी तळाला, लहान वर, अशी चवड लावायला जास्तीत जास्त किती पलट्या लागतील? त्याचं उत्तर १९७९ला शोधनिबंध म्हणून छापून आलं आणि जवळपास तीस वर्षं कुणाला त्याहून सरस उत्तर सापडलं नाही.

कॉलेज त्यानं १९७५ला सोडलं, ते मायक्रोसॉफ्टसाठी. पाठबळही होतं: वडील वकील, शाळेत १९६८पासून कॉम्प्युटर. भाच्याला म्हटलं, कागद-पेन्सिल घे, आधी तीन भाकऱ्यांचं करून बघ.