वजन कधी वाढवायचं, हे तुमच्या तक्त्यात लिहिलंय का?

जिममध्ये नाव घातलं की ट्रेनर एक तक्ता हातात देतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे. व्यायामांची नावं, रेप्स (एका दमात हालचाल किती वेळा करायची), सेट (अशा किती फेऱ्या) सगळं असतं, पण एक ओळ बहुतेक वेळा नसते: आज दहा किलोचं डंबेल उचललं, तर साडेबारा किलोचं कधी घ्यायचं? स्नायू वाढवायचे असतील तर सगळ्या तक्त्यात हीच ओळ सर्वांत मोलाची असते.

हा विचार पद्धतशीरपणे रुजला तो एका लष्करी रुग्णालयात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये मांडीचं हाड मोडलेले, गुडघे दुखावलेले सैनिक भरती होते. प्लास्टर निघालं तरी मांडी वाळलेली. अशा पायाला तेव्हा हलका व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावत. थॉमस डिलॉर्म या तरुण लष्करी डॉक्टरला स्वतःला वजनं उचलायची आवड होती. त्याने सैनिकांच्या पायात लोखंडी बूट बांधले, बुटाला वजनं अडकवली आणि गुडघा सरळ करायला लावलं. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन शोधायचं आणि ताकद वाढेल तसं तेही वाढवायचं, एवढाच त्याचा नियम. १९४५ मध्ये त्याने हे काम प्रसिद्ध केलं. आधी तो ७० ते १०० रेप्स करून घेत असे. १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने ते तीन सेटवर आणलं: पहिला निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आजही जगभर ‘दहाचे तीन सेट’ मारले जातात, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

हे का चालतं? स्नायूच्या तंतूवर जोराचा ताण आला की पेशीच्या आत नवी प्रथिनं बांधण्याचं काम वेग घेतं. पण सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. मज्जासंस्था आधी छोटे गट जुंपते. वजन जड असेल किंवा छोटे गट थकत आले असतील, तेव्हाच मोठे गट उतरतात, आणि वाढण्याची क्षमता त्यांच्यात जास्त. म्हणून हलकं वजनही उपयोगी पडतं, मात्र सेट अगदी दमेपर्यंत नेला तर. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१२ च्या प्रयोगात कमाल ताकदीच्या ३० टक्के आणि ८० टक्के वजनाने व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू जवळपास सारखेच वाढले. दोन्हीकडे सेट थकेपर्यंत चालले होते.

तालमीतल्या जोर-बैठकांनाही हेच लागू. नवख्याला वीस जोर जड जातात, तेव्हा छाती-दंड भरतात. शंभर सहज निघू लागले की पुढे वाढतो तो मुख्यतः दम. पाठीवर जोडीदार घेऊन बैठका मारणारा पैलवान वजनच वाढवत असतो.

वहीत हे असं दिसतं. डंबेल प्रेस, दहा किलो, लक्ष्य ८ ते १२ रेप्स. पहिल्या दिवशी तीन सेटमध्ये ९, ८, ८. पुढच्या खेपेला १०, ९, ८. तिन्ही सेटमध्ये १२ भरले की साडेबारा किलो घ्यायचं आणि पुन्हा आठपासून चढायचं. प्रत्येक सेट संपताना अंगात एक-दोन रेप्सच शिल्लक असाव्यात. फॉर्म, म्हणजे हालचालीची योग्य ढब, बिघडवून काढलेली रेप वहीत मोजू नये.

बाकीच्या गोष्टींवर जिममध्ये वाद फार होतात, पण त्यांचं वजन कमी आहे. प्रत्येक स्नायूला आठवड्याला साधारण दहा सेट मिळावेत. ते एका दिवशी की दोन दिवशी, याने थोडाच फरक पडतो, पण दोन दिवसांत वाटले तर शेवटचे सेट मरगळलेले होत नाहीत. नव्याने सुरू करणाऱ्याला आठवड्यातून तीन दिवस पूर्ण शरीराचा व्यायाम मला सर्वांत योग्य वाटतो. दुसऱ्या दिवशी अंग किती दुखलं, हा तर मापदंडच नाही. नवीन व्यायाम केला की अंग दुखतंच, स्नायू वाढो न वाढो. प्रथिनं मात्र हवीत: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ९६ ग्रॅम. नुसत्या वरण-भातावर हे भागत नाही. अंडी, पनीर, दूध, सोयाबीन, मासे यांचा हिशेब धरावाच लागतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वयाची आडकाठी मानू नका. १९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांसाठी जड वजनांचा व्यायाम दिला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचे स्नायू मात्र ९ टक्क्यांनीच. आकड्यांतली ही तफावत नीट पाहा. सुरुवातीला ताकद झपाट्याने वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था शिकते म्हणून. स्नायूचा आकार मागून, सावकाश येतो.

त्यामुळे तीन आठवड्यांत आरशात काही दिसलं नाही म्हणून प्रोग्राम बदलू नका. निदान दहा-बारा आठवडे एकाच तक्त्याला द्या. मध्येच सगळ्याच व्यायामांचे आकडे दोन-तीन आठवडे अडले, तर आधी झोप आणि जेवण तपासा, मग एक आठवडा सेट निम्मे करा. त्यानंतरही एखादाच व्यायाम अडलेला राहिला, तर तेवढा बदला आणि बाकीची वही तशीच चालू ठेवा.