डिलीट करणं वेगळं, जागा मोकळी होणं वेगळं

"अरे सगळं डिलीट केलं तरी सी ड्राइव्ह अजून लाल, म्हणजे फुल्लच दाखवतोय" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने "अरे सगळं" म्हटलं की पुढचं वाक्य मीच पूर्ण करतो. आणि त्याच्या मागोमाग सल्ले ठरलेले, व्हायरस असेल बघ, डिस्क गेली असेल, एखादं क्लीनर टाक ना. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते आणि व्हायरसबियरस काही नसतो, फक्त आपण डिलीट करणं आणि जागा मोकळी होणं या दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजून बसलेलो असतो, कारण रोजच्या कामात त्या एकापाठोपाठ एक होतात आणि फरक कधी दिसतच नाही.

डिलीट काय असतं हे तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. रिसायकल बिनही माहितीये, फाइल तिथे नुसती सरकते, बिन रिकामी करेपर्यंत जागा अडलेलीच असते. एकच गोष्ट सांगून पुढे जातो कारण ती भलेभले विसरतात: मॅकला पेनड्राइव्ह लावून त्यावरची फाइल डिलीट केलीत तर ती त्याच पेनड्राइव्हवरच्या एका लपवलेल्या ट्रॅश फोल्डरमध्ये जाते. मग तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की एकही फाइल दिसत नाही आणि तरी तो फुल्ल. पेनड्राइव्ह फेकून देऊ नका, परत मॅकला लावा आणि ट्रॅश रिकामा करा, संपला विषय.

तसंच "१ टीबीची डिस्क घेतली आणि विंडोज ९३१ जीबीच दाखवतंय, बाकीची कुणी खाल्ली" हाही प्रश्न नको प्लीज. कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने मोजतं आणि वर नाव तेच जीबी ठेवतं. जागा तेवढीच आहे, गेली कुठेच नाही.

आता मुद्द्याचं. डिस्कवर फाइल म्हणजे एक वस्तू नसते, दोन असतात. एक म्हणजे नाव, फोल्डरमध्ये दिसणारी नोंद. दुसरा म्हणजे खरा डेटा, जो डिस्कच्या तुकड्यांवर, ज्यांना ब्लॉक म्हणतात, त्यावर पसरलेला असतो. आपण डिलीट दाबतो तेव्हा खात्रीने जातं ते फक्त नाव. ब्लॉक मोकळे करायचे की नाही हे फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलचा हिशोब ठेवणारी यंत्रणा, ठरवते, आणि त्यासाठी ती बघते की या ब्लॉकना अजून कुणी धरून ठेवलंय का. कुणीच नसेल तर लगेच मोकळे, म्हणूनच आपल्याला दोन्ही एकच वाटतं. पण कुणीतरी एकाने जरी धरून ठेवलं असेल तर नाव गेलं, फाइल दिसेनाशी झाली, आणि जागा मात्र जिथल्या तिथे. गूढ वगैरे जे काही असतं ते सगळं या "कुणीतरी" मध्ये आहे, आणि हा कुणीतरी दरवेळी वेगळा असतो, त्यामुळे सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही.

सगळ्यात छळणारा म्हणजे चालू प्रोग्रॅम. विंडोजवर उघडी फाइल डिलीट करायला गेलात तर ते बहुतेक वेळा सरळ अडवतं, फाइल अमुक प्रोग्रॅममध्ये उघडी आहे म्हणून सांगतं, म्हणून विंडोजवाल्यांना हा प्रकार फारसा भेटत नाही. लिनक्स आणि मॅक मात्र अडवत नाहीत, शहाण्यासारखं नाव काढून टाकतात आणि जोपर्यंत तो प्रोग्रॅम फाइल सोडत नाही तोपर्यंत डेटा ठेवतात. मी स्वतः यात एकदा असा अडकलोय की अजून आठवलं की लाज वाटते. एका सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरलेली, एक लॉग फाइल (प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी जिच्यात लिहीत राहतो ती) पन्नासेक जीबीची झालेली, मी रुबाबात ती उडवली आणि डिस्क बघतो तर तरीही शंभर टक्के. मग घाबरून दुसरी उडवली, तिसरी उडवली, जी खरं तर ठेवायला हवी होती तीही उडवली, आणि आकडा हलेना. ज्या सर्व्हिसची, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, ती लॉग होती ती आपली मस्त चालू होती आणि त्या बिननावाच्या फाइलमध्ये अजून लिहीतच होती. सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि पन्नासच्या पन्नास जीबी एका सेकंदात परत.

तेव्हापासून मला डीएफ आणि डीयू या लिनक्स-मॅकवरच्या जागा मोजणाऱ्या दोन कमांडमधला फरक कायमचा पाठ झालाय. डीयू फोल्डरमधून फिरत नावं बघून बेरीज करते, डीएफ थेट फाइल सिस्टिमला विचारते की किती ब्लॉक वापरात आहेत. दोघींच्या उत्तरात मोठी तफावत आली की लोक "डीयू चुकीचं दाखवतंय" म्हणतात. दोन्ही बरोबर असतात, प्रश्न वेगवेगळे आहेत. आणि ती तफावत हीच तर बऱ्याचदा खूण असते की नाव नसलेला डेटा कुठेतरी बसलाय. उघड्या फाइल दाखवणाऱ्या एलएसओएफ कमांडच्या यादीत ज्या फाइलपुढे डिलीटेड असं लिहिलेलं असतं ते गुन्हेगार. आणि चालू लॉग कमी करायची असेल तर ती डिलीट करूच नका, आतून रिकामी करा, म्हणजे फाइल तशीच राहते, साइझ शून्य होते आणि जागा तिथल्या तिथे सुटते. घरच्या कॉम्प्युटरवर एवढं काही करायची गरज नाही, एक रीस्टार्ट मारला की पुरतं. "रीस्टार्ट केलं आणि आपोआप दहा जीबी वाढले" यातला जादूचा भाग बऱ्याचदा एवढाच असतो.

दुसरा कुणीतरी म्हणजे दुसरं नाव. एकाच डेटाला दोन-तीन नावं देता येतात, याला हार्ड लिंक म्हणतात, आणि त्यातलं एक नाव उडवलं तर बाकीची शिल्लक असेपर्यंत एक बाइटही सुटत नाही. इथे माझा जुना राग बाहेर येणार आहे. विंडोजच्या फोल्डरमध्ये विनएसएक्सएस नावाचं एक फोल्डर असतं, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितली की भलामोठा आकडा दिसतो आणि लगेच कुणीतरी ठरवतं की सापडला चोर. त्यातल्या बऱ्याच फाइल म्हणजे सिस्टिममध्ये दुसरीकडे असलेल्या फाइलचीच दुसरी नावं असतात, एक्सप्लोरर त्या दोन्हीकडे मोजतो, त्यामुळे दिसणारा आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. खरा आकडा विंडोजचंच डिझम हे टूल सांगतं आणि जुने अपडेट काढायचं कामही तेच नीट करतं. हाताने त्या फोल्डरमध्ये डिलीट मारणारा माणूस मला भेटला की मी फक्त एवढंच विचारतो, बॅकअप आहे ना?

तिसरा, आणि मॅकवाल्यांचा खास, म्हणजे स्नॅपशॉट. टाइम मशीन, म्हणजे मॅकची बॅकअपची सोय, चालू असेल तर मॅक साधारण दर तासाला डिस्कचा एक स्नॅपशॉट घेतो आणि २४ तास ठेवतो. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाला जे ब्लॉक वापरात होते ते सगळे धरून ठेवणं. तुम्ही सकाळी ८० जीबीचे व्हिडिओ उडवले, ट्रॅशही रिकामा केला, तरी रात्रीच्या स्नॅपशॉटने ते ब्लॉक धरलेले आहेत, सुटणार कसे? वर गंमत म्हणजे मॅक ही जागा उपलब्ध म्हणूनच मोजतो, कारण गरज पडली तर तो स्वतः स्नॅपशॉट काढून टाकणार असतो. म्हणून एक खिडकी म्हणते भरपूर जागा आहे, कमांड टाकायचं टर्मिनल म्हणतं नाहीये, आणि माणूस दोन्हीकडे बघत डोकं खाजवतो. माझा सल्ला साधा आहे, एक दिवस थांबा. फारच घाई असेल तर डिस्क युटिलिटीमध्ये स्नॅपशॉटची यादी दिसते, तिथून काढा. पण मला खरंच कळत नाही, २४ तास न थांबता येण्याइतकी डिस्क भरेपर्यंत आपण करत काय असतो.

विंडोजचे रिस्टोर पॉइंट, म्हणजे सिस्टिम आधीच्या स्थितीला परत नेण्यासाठी ठेवलेले टप्पे, हेही याच जातीचे, पद्धत थोडी वेगळी: जुना डेटा पुसला जायच्या आधी त्याची प्रत बाजूला ठेवली जाते. ती राहते सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या फोल्डरमध्ये, जिथे साध्या युजरला जाताच येत नाही, त्यामुळे जागा मोजणारी बरीचशी ॲप तिथे शून्य दाखवून मोकळी होतात. सिस्टिम प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये एक स्लायडर आहे, त्याने मर्यादा घाला. पूर्ण बंद करू नका.

चौथा प्रकार जरा वेगळा आहे, इथे जागा सुटते पण बाहेर येत नाही. व्हर्च्युअल मशीनची (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरची) डिस्क, विंडोजमधल्या लिनक्सची डिस्क, आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल, कुठलाही डेटाबेस, या सगळ्या मोठाल्या फाइल म्हणजे आत स्वतःचं वेगळं जग असतं. आत २० जीबी डिलीट केलंत तर आतल्या जगात २० जीबी मोकळे होतात, बाहेरून ती फाइल तेवढीच जाडजूड. नवीन डेटा आला की तो त्याच पोकळीत बसतो म्हणून नुकसान तसं नाही, पण बाहेर जागा हवी असेल तर फाइल वेगळी आक्रसावी लागते. आउटलुकमध्ये त्याला कॉम्पॅक्ट म्हणतात, एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये व्हॅक्यूम. मेल उडवून पीएसटी का कमी होत नाही म्हणून वैतागलेल्या लोकांना मी हे इतक्यांदा समजावलंय की आता सरळ ते बटण कुठे आहे तेवढंच सांगतो.

आणि क्लीनर ॲप? ब्राउझरचा कॅशे उडवतात, जो आठवडाभरात परत भरतो, आणि खाली मोठ्या अक्षरात आकडा दाखवतात. वर सांगितलेल्या गोष्टींच्या वाटेला त्यातली बहुतेक जातच नाहीत. विंडोजच्या सेटिंगमधलं स्टोरेज पान पुरेसं आहे, अपडेटनंतर उरलेलं विंडोज डॉट ओल्डसुद्धा तिथूनच काढता येतं, आणि नाही काढलंत तरी साधारण १० दिवसांनी ते आपोआप जातं.

आता याच गोंधळाची उलटी बाजू, जिच्यात खरं नुकसान होतं. आत्तापर्यंत डिलीट होऊन जागा सुटत नव्हती, क्लाउडच्या फोल्डरमध्ये डिलीट न करता जागा सुटते. वनड्राइव्हमध्ये फाइलवर राइट क्लिक केलं की फ्री अप स्पेस असा पर्याय येतो, आयक्लाउडमध्ये रिमूव्ह डाउनलोड. हे दाबलं की नाव राहतं, डेटा तुमच्या डिस्कवरून जातो आणि क्लाउडमध्ये सुरक्षित असतो. लोक काय करतात तर जागा हवी म्हणून त्याच फाइलवर डिलीट दाबतात, आणि ती क्लाउडवरून, दुसऱ्या लॅपटॉपवरून, फोनवरून, सगळीकडून उडते. त्यात ज्या फाइलवर नुसतं ढगाचं चिन्ह आहे ती तुमच्या डिस्कवर नव्हतीच, म्हणजे जागा मिळाली शून्य आणि फाइल गेली, आणि अशी फाइल लोकल रिसायकल बिनमध्येही येत नाही. वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या बिनमध्ये सापडते, पर्सनल अकाउंटला ३० दिवस.

म्हणून अशा फोल्डरमध्ये काही उडवायच्या आधी प्रॉपर्टीज उघडा. तिथे साइझ आणि साइझ ऑन डिस्क असे दोन आकडे असतात, आणि आपण सगळे वरचाच वाचतो. खालचा वाचा. तो शून्य असेल तर डिलीटवरून हात काढा.